मांजरीचं फारम

आमच्या घरात जमिनीला चार नावं होती. कोरडवाहू ते वावर, विहिरीवरचा तो मळा, नदीकाठची ती मळई, आणि मांजरीला सरकारनं वसवलेलं ते फारम. पहिल्या तीन आमच्या किंवा भाऊबंदांच्या होत्या. चौथं आमचं कधीच नव्हतं, पण घरात सगळ्यात जास्त बोललं जायचं ते त्याच्याबद्दल. तात्या, म्हणजे माझे आजोबा, रात्री जेवणं आटोपली की ओट्यावर बसत, अडकित्ता काढत आणि सुपारी कातरता कातरता फारमाचं काही ना काही सांगत. सांगणं त्यांचं असलं तरी बहुतेक गोष्टी त्यांच्या वडिलांच्या होत्या. त्यांना आम्ही थोरले बाबा म्हणत असू. मी त्यांना पाहिलेलं नाही. सतराव्या-अठराव्या वर्षी फारमावर बैलं हाकायला लागलेला हा माणूस, हात थकेपर्यंत तिथंच राहिला.

पुण्याहून सोलापूरच्या रेल्वेनं निघालं की हडपसरनंतर मांजरी लागतं. मुळा-मुठेच्या अलीकडे मांजरी बुद्रुक, पलीकडे मांजरी खुर्द. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यानं इथं कालव्याच्या पाण्यावर उसाचे प्रयोग करण्यासाठी शेत काढलं. ऊस कसा लावावा, किती पाणी द्यावं, कोणतं खत किती घालावं आणि त्यातून गूळ किती उतरतो, हे रोकड्या हिशेबानं दाखवायचं काम या शेताचं. कागदावर ते प्रायोगिक शेत होतं, गावाच्या तोंडी फारम.

अशा ‘नमुनेदार’ शेतांची हौस विलायतेतली. राणी व्हिक्टोरियाचे पती आल्बर्ट यांनी विंडसरला अशी शेतं उभी केली. तिथल्या दुग्धशाळेच्या भिंती १८५८ साली रंगीत नक्षीच्या फरश्यांनी मढवल्या होत्या. ती चित्रं मी फार पुढं एका पुस्तकात पाहिली आणि वाटलं, गाईला याचं काय? पण त्या शेतांच्या बांधणीतला मूळ विचार मात्र पक्का होता. चौक सोडून भोवतीनं इमारती बांधायच्या, एका अंगानं वैरण आत यायची, जनावरांपुढून जायची आणि दुसऱ्या अंगानं खत होऊन बाहेर पडायची. माणसाची एक फेरीही वाया जाता कामा नये. म्हणजे सगळी इमारतच एक यंत्र. तो विचार समुद्र ओलांडून आपल्याकडे आला तेव्हा त्याच्या अंगावरच्या रंगीत फरश्या गळून पडल्या होत्या, आणि ते बरंच झालं.

आपल्याकडे तो आला तोही हौसेनं आलेला नाही. दुष्काळानं आणला. १८७६ ते १८७८ ही वर्षं आमच्या घरात ‘मोठा दुकाळ’ या नावानं ओळखली जात. थोरल्या बाबांची आई त्या वेळी नव्यानं सासरी आलेली. तिनं नीरेच्या कालव्यावर खडी फोडली. दुष्काळी काम म्हणूनच त्या कालव्याची सुरुवात १८७६ साली झाली होती. तिच्या डाव्या हाताचं पहिलं बोट वाकडं राहिलं होतं, हे तात्या हटकून सांगत आणि सांगताना स्वतःचं बोट तसं वाकडं करून दाखवत. पुढं १८८० साली दुष्काळ आयोगानं प्रत्येक इलाख्यात शेतकी खातं असावं अशी शिफारस केली, आणि १८८३ साली मुंबई इलाख्यात ते खातं निघालं. पुण्यात संगमाजवळच्या कॉलेजात शेतकीचा वर्ग त्याआधीच, १८७९ साली सुरू झाला होता. खडकवासल्याचं धरणही त्याच सुमारास पुरं झालं, आणि मुठेचा उजवा कालवा शहराच्या कडेनं हडपसर, मांजरीवरून पाटसच्या दिशेनं वाहू लागला.

पाणी दारात आलं, पण घेणारे हात पुढं येईनात. आज हे कोणाला खरं वाटणार नाही. कालव्याच्या पाण्यानं जमिनीचा कस जातो, एकदा पाणी घेतलं की सारा वाढतो, पाटकरी हवं तेव्हा पाणी सोडत नाही आणि उभं पीक जळतं, अशी नाना भीती. यातली शेवटची भीती अगदी खरी होती. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये पाटबंधारे खात्याच्या याच कारभारावर कोरडे ओढले आहेत. आणि ते दुरून लिहीत नव्हते. सरकारी बांधकामांची कंत्राटं घेणाऱ्या जोतीरावांनी मांजरीलाच जमीन घेऊन कालव्याच्या पाण्यावर बागायत केली होती. तात्यांच्या आजोबांनी त्यांना बांधावर उभं राहून पाट फोडताना पाहिलं होतं. “अंगात सदरा, डोक्याला पागोटं, आन् पाय चिखलात,” इतकंच वर्णन घरात उरलं होतं, शब्दही न बदलता. त्यांचा ऊस उभा राहिला तेव्हा शेजारच्यांना पाण्याची भीती वाटेनाशी झाली, असं घरातली जुनी माणसं सांगत. म्हणून मला नेहमी वाटत आलं आहे की मांजरीचं पहिलं नमुनेदार शेत सरकारचं नव्हतंच. ‘असूड’च्या शेवटच्या भागात ताली-बंधारे, तळ्यांतला गाळ, चांगल्या अवलादीची जनावरं, शेतमालाची प्रदर्शनं आणि बक्षिसं, शेतकऱ्यांच्या मुलांचं शिक्षण हे सगळं आलं आहे. शेतकी खात्यानं पुढं अनेक वर्षं मिरवावा असा तो कार्यक्रम, खातं निघालं त्याच वर्षी एका माळ्याच्या लेखणीतून उतरला होता.

आता गोठ्याकडे वळतो, कारण थोरल्या बाबांचा जन्म तिथं गेला.

तात्या लहानपणी वडिलांची भाकरी घेऊन फारमावर जात, त्यामुळे गोठ्याचं वर्णन त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं. दगडी जोत्यावर लांबच लांब छपराची इमारत, दोन्ही बाजू वाऱ्याला मोकळ्या, मध्ये गाडी जाईल एवढी वाट. हे ऐकून आम्ही पोरं फार काही हरखत नसू. मग तात्या म्हणायचे, “आरं, पायाखाली बघा की! बैलांच्या पायाखाली फरशी नव्हती, माती होती.” घरच्या गोठ्यात बैलाचं मूत गटारीनं परसात जाई आणि केळीच्या बुंध्याशी जिरे. फारमावर बैलांच्या खाली कोरडी माती हातभर पसरत. मूत तिच्यात मुरे. वरची माती भिजली की खालीवर करायची, अगदी तर्र झाली की फावड्यानं ओढून खताच्या खड्ड्यात टाकायची आणि नवी कोरडी माती भरायची. शेणाइतकंच, किंबहुना जास्त, सत्त्व मुतात असतं आणि आपण ते वाया घालवतो, हे शेतकी खात्याचे अधिकारी तेव्हा कंठरवानं सांगत होते. थोरल्या बाबांना ते सांगावं लागलं नाही. खड्ड्यातलं खत हातात घेतल्यावर त्याच्या वासावरूनच त्यांना फरक कळला. महिन्याभरात आमच्या घरच्या गोठ्यातली फरशी निघाली. त्या फरश्या ओट्याला लागल्या. तात्या बसायचे तो हाच ओटा.

लोखंडी नांगराचं मात्र जमलं नाही. फारमावर विलायती नांगर आले, बैलांना जुंपले, आणि नांगरट खरोखर खोल गेली. गावानं बांधावर उभं राहून पाहिलं आणि घरी जाऊन आपला लाकडी नांगर धरला. साहेबांना हा हट्ट वाटला असेल. पण लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार बलुत्यात नीट करून देत होता. विलायती नांगराचा फाळ मोडला की तो नांगर पडून राही, पुढची पेटी बोटीनं येईपर्यंत. पेरणी बोटीसाठी थांबत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावात लोखंडी नांगर ओतला तेव्हाही लोखंडानं जमिनीत विष भिनतं असं शेतकरी म्हणत, आणि पहिले नांगर विकायला त्यांना दोन वर्षं तिष्ठावं लागलं. पण एकदा इथला नांगर इथं दुरुस्त होऊ लागल्यावर तेच शेतकरी तो मागून नेऊ लागले. हट्ट होता की हिशेब होता, ते यावरून ठरवावं.

इंग्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनतज्ज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर यांना हे बरोबर उमगलं होतं. सरकारनं त्यांना १८८९ साली इथली शेती सुधारण्याचे उपाय सुचवायला बोलावलं. ते देशभर वर्षाहून अधिक हिंडले आणि १८९३ च्या अहवालात त्यांनी लिहिलं ते शेतकी खात्यात अनेकांना रुचलं नसणार. इथला चांगला रयत सरासरी इंग्रज शेतकऱ्याच्या तोडीस तोड आहे, काही बाबतींत सरस आहे. त्याला अक्कल कमी नाही, पाणी, खत आणि पैसा कमी आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. हा अहवाल मी वाचला तेव्हा तात्या जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांना वाचून दाखवता आला असता तर, असं फार वाटलं.

फारमानं आमच्या घराला दिलेली खरी गोष्ट म्हणजे तोलण्याची सवय. ती लागली गुऱ्हाळावर.

गुऱ्हाळ आमच्या लोकांना नवं नव्हतं. चरकातून रस मांदणात, मांदणातून काहिलीत. खाली चुलाणात वाळल्या चिपाडांचा जाळ. रस तापला की भेंडीच्या चिकाचं पाणी घालायचं, मळी वर येते ती झाऱ्यानं काढून टाकायची. मग गुळव्या काहिलीपाशी उभा राहतो आणि पुढची सगळी सत्ता त्याची. पाक थेंबभर घेऊन तो थंड पाण्यात सोडतो, बोटांनी त्याची गोळी वळतो आणि ती गोळी परातीवर टाकून कान देतो. टणक वाजली तर उतरवा, नाहीतर अजून दोन जाळ. क्षणभर उशीर झाला तर गूळ काळा, क्षणभर आधी उतरवला तर ढेप बसत नाही. हे कुठल्या घड्याळात मावत नाही.

फारमावरही गुळव्या गावचाच होता. नवा होता तो काटा. तिथं चरकात जाणारा ऊस तोलत. रस तोलत. निघालेला गूळ तोलत. चिपाडं तोलत. कोणत्या वाफ्यातला ऊस, त्याला एरंडीची पेंड किती, सोनखत किती, पाण्याच्या पाळ्या किती, हे सगळं वहीत. मुंबई इलाख्यातल्या सरकारी शेतांचे सुपरिंटेंडेंट जेम्स मोलिसन यांनी १९०१ साली हिंदी शेतीवर तीन खंडांचं पुस्तक काढलं आणि त्याच वर्षी ते सबंध हिंदुस्थानचे पहिले शेतकी इन्स्पेक्टर जनरल झाले. अशा पुस्तकांतल्या आकड्यांमागं कुठंतरी थोरल्या बाबांनी पाठीवर आणलेल्या मोळ्या आहेत.

थोरल्या बाबांना अक्षरओळख नव्हती. ते घरी आल्यावर गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं रेघा ओढत. चार उभ्या, पाचवी आडवी. पुंड्या उसाच्या मोळ्या, खताच्या गाड्या, ढेपा, सगळं रेघांत. त्याआधी आमच्या घरी ‘यंदा बरं पिकलं’ किंवा ‘यंदा बसलं’ इतकाच हिशेब होता. ज्या वर्षी भिंतीवर रेघा आल्या त्या वर्षी पहिल्यांदा कळलं की चांगल्या वाटणाऱ्या वरच्या वाफ्यात खतापायी गेलेले पैसेही निघत नव्हते. दलालाला ढेपांचा आकडा तोंडावर सांगणारा माणूस पेठेत पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा दलालानं वही दोनदा तपासली म्हणे. ही गोष्ट सांगताना तात्यांचा आवाज चढायचा. माझाही लिहिताना चढतो आहे.

या तोलण्यातून एक गोष्ट मात्र फार उशिरा कळली. पाणी भरपूर, खत भरपूर, ऊस दरसाल, आणि निचऱ्याकडे कोणाचं लक्ष नाही. नीरेच्या खोऱ्यात चांगली काळी रानं पांढरी पडू लागली, चोपण झाली. हॅरल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी १९१० साली त्या खारावलेल्या जमिनींवर अभ्यास प्रसिद्ध केला. हेच मान पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल. पिंपळे सौदागर या गावाचं घरन्‌घर, तुकडान्‌तुकडा पाहून त्यांनी १९१७ साली पुस्तक लिहिलं. आज त्या गावात उंच इमारतींशिवाय काही दिसत नाही. सासवडकडचे आमचे सोयरे नव्या पाण्याच्या मागं आधीच कालव्या-कालव्यांनी पुढं सरकले होते. त्यांच्यातल्याच लोकांनी पुढं अकलूजजवळ माळीनगरला स्वतःचा साखर कारखाना काढला. १९३२ साली नीरेकाठी पाडेगावला ऊस संशोधन केंद्र सुरू झालं आणि उसाच्या नव्या जातींचं नाव तिकडून ऐकू येऊ लागलं. मांजरीच्या फारमाचा बोलबाला ओसरला. तात्या तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते.

मागच्या हिवाळ्यात मी पुतण्याला घेऊन मांजरीला गेलो. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट तिथं आहे, द्राक्षांचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, आणि त्या केंद्रानं काढलेल्या जातींना गावाचंच नाव दिलंय: मांजरी नवीन, मांजरी मेडिका. मेडिकाचा रस गर्द लाल, पुतण्याच्या शर्टावर सांडला तो अजून निघालेला नाही. कालवा आहे. गोठ्याची ती लांब इमारत मला कुणी दाखवू शकलं नाही.

एक गोष्ट राहिली. ती सोनखताची. तात्या ती क्वचित सांगत, आणि सांगून झाल्यावर त्या रात्री दुसरं काही सांगत नसत.

पुणे शहराचा मैला गावाबाहेर नेऊन उथळ खड्ड्यांत ओतत. त्यावर चुलींची राख आणि केरकचरा, पुन्हा मैला, पुन्हा राख. उन्हात वाळवून खालीवर करत राहिलं की त्याची वास नसलेली, करडी, भुसभुशीत पूड होते. हेच सोनखत. सुरुवातीला आमच्या गावातला कुणी शेतकरी त्याला शिवायला तयार नव्हता. फारमावर त्यातून आलेला ऊस पाहिल्यावर आणि तोललेला गूळ पाहिल्यावर हळूहळू गाड्या लागू लागल्या, आणि मग माल पुरेना. त्या खड्ड्यांवर राबणारी माणसं कोण होती हे निराळं सांगायला नको. जातीनं तेच काम ज्यांच्या माथी मारलं होतं ती. फारमाच्या वहीत सोनखताचं वजन आहे, किंमत आहे, त्यापासून निघालेला गूळ आहे. ती माणसं नाहीत. आमच्या भिंतीवरच्या रेघांतही नव्हती.

थोरल्या बाबांची बायको, म्हणजे माझी पणजी, फारमाच्या उसाचं कांडंही तोंडाला लावत नसे. नवरा फारमावरून आला की कालव्यावर अंघोळ करून मगच उंबऱ्याच्या आत. असं पाच-सात वर्षं चाललं. मग एका साली थोरले बाबा तापानं पडून होते, ऊस लागणीला आला होता आणि सोनखताच्या गाड्या आणणं भाग होतं. ती स्वतः निघाली. सोबत आठ वर्षांचे तात्या.

तिथं जाऊन तिनं काय करावं? भांडण काढलं. गाडीत पाट्या किती भरणार ते आधी सांग. ओला माल भरू नको, मला पाण्याचे पैसे द्यायचे नाहीत. पाटी शिगेला भरली नाही, ही मोजू नको. तोलून-मापून घ्यायचं फारमाचं शिक्षण घरात तिच्याइतकं कुणीच घेतलं नव्हतं. भरणारा माणूस एकेक पाटी तिच्या डोळ्यांपुढं टाकत होता आणि आकडा मोठ्यानं म्हणत होता. ती बांधाच्या पलीकडे, चांगली वीस पावलं लांब उभी राहून त्याच्याबरोबर मोजत होती.

गाडी भरली. तिनं कनवटीचे पैसे काढले, दोनदा मोजले, पुढं झाली आणि मध्ये एक दगड होता त्याच्यावर ठेवले. मागं सरली. ज्या घरात जोतीरावांच्या मळ्याचं नाव हात जोडून घेतलं जाई, ज्या जोतीरावांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला हे पोराटोरांना पाठ होतं, त्या घरातली ती बाई.

तो माणूस लगेच पैशांकडे आला नाही. आधी खड्ड्याकडे वळला, चांगली वाळलेली एक पाटी शिगोशीग भरून आणली आणि मापाच्या वर गाडीत टाकली. तिचा आकडा मात्र त्यानं म्हटला नाही. मग दगडापाशी आला आणि वाकून पैसे उचलले.